वाचकांचे प्रश्न : वाफेचे कोणते इंजिन श्रेष्ठ?

प्रश्न : आमच्याकडे रेल्वे आली तीच डिझेल इंजिनामागून, त्यामुळे वाफेचे इंजिन मी केवळ चित्रांत पाहिले आहे. रेल्वेप्रेमींच्या लेखनात ‘डब्ल्यूपी’ या इंजिनाचे नाव सर्वांत अधिक प्रेमाने घेतलेले आढळते. त्यात एवढे विशेष काय होते, आणि त्याच्यापुढे ४-६-२ असे जे आकडे लिहितात त्यांचा अर्थ काय? आपले स्वतःचे आवडते इंजिन कोणते?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आकडे चाकांचे आहेत. पहिला आकडा पुढच्या लहान चाकांचा, मधला पिस्टनच्या दांड्यांनी फिरणाऱ्या मोठ्या चाकांचा आणि शेवटचा मागच्या लहान चाकांचा. दोन्ही बाजूंची चाके त्यात मोजलेली असतात आणि कोळशा-पाण्याच्या टेंडरची चाके धरत नाहीत. ४-६-२ या रचनेला जगभर ‘पॅसिफिक’ म्हणतात, तर २-८-२ या रचनेला ‘मिकाडो’. पुढची चार लहान चाके वेगात इंजिनाला वळणावर सावरून नेतात, आणि मागच्या दोन चाकांमुळे त्यांच्या वरच्या बाजूला रुंद भट्टी बसवायला जागा मिळते. भारतातल्या कोळशात राख फार आणि उष्णता कमी, म्हणून आपल्याकडे ही रुंद भट्टी चैनीची नव्हे तर गरजेची गोष्ट होती.

डब्ल्यूपी समजून घ्यायचे असेल तर तिच्या आधीच्या पिढीकडे पाहावे लागते. १९२० च्या दशकात भारतीय रेल्वे कंपन्यांनी एक्सए, एक्सबी आणि एक्ससी अशी तीन प्रकारची पॅसिफिक इंजिने घेतली होती. ती वेगात डुलत, आणि त्या डुलण्याने खालचे रूळ वाकत. जुलै १९३७ मध्ये पाटण्याजवळ बिहटा येथे एक्सबी इंजिनाची गाडी रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर पॅसिफिक इंजिनांचा दोष शोधण्यासाठी खास समिती नेमली गेली. डब्ल्यूपीचा आराखडा या कटू अनुभवानंतरचा आहे. पहिली सोळा इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून आली. पुढे कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि आपले चित्तरंजन अशा ठिकाणी मिळून एकूण ७५५ इंजिने बांधली गेली. पुढे आलेले गोल, निमुळते नाक आणि त्यावरचा चांदीच्या रंगाचा तारा पाहून माणसे तिच्या प्रेमात पडतात हे खरेच आहे. परंतु ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावतानाही ती रुळांना इजा करीत नसे, हा तिचा मोठेपणा मला त्या नाकाहून अधिक वाटतो.

माझी निवड मात्र डब्ल्यूजी ही आहे, आणि ती मी पूर्ण विचारांती करतो. डब्ल्यूपी हे मेल गाड्यांचे इंजिन, तर डब्ल्यूजी हे मालगाडीचे २-८-२ इंजिन. डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी यांचे बॉयलरसह अनेक भाग सारखे आहेत, वाफेचा दाबही सारखाच, तरीही दोघींचे स्वभाव निराळे झाले ते चाकांमुळे आणि सिलिंडरांमुळे. डब्ल्यूपीच्या मोठ्या चाकाचा व्यास १,७०५ मिलिमीटर, तर डब्ल्यूजीच्या चाकाचा १,५६२ मिलिमीटर. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते, म्हणून ते वेगाला सोयीचे. लहान चाक रुळावर अधिक जोर लावते, म्हणून ते ओझ्याला सोयीचे. डब्ल्यूजीचे सिलिंडरही अधिक रुंद आहेत. परिणामी डब्ल्यूपीची ओढ सुमारे १३,९०० किलोची आणि डब्ल्यूजीची सुमारे १७,६०० किलोची भरते. भट्टी तीच, वाफ तीच. आखणी करणाऱ्याने काम बदलले आणि त्यानुसार इंजिन बदलले. ही बुद्धी मला डब्ल्यूजीमध्ये अधिक स्पष्ट दिसते.

शिवाय या इंजिनाशी स्वतंत्र भारताचा एक अभिमानाचा धागा जोडलेला आहे. चित्तरंजन कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले इंजिन म्हणजे १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्राला अर्पण झालेले ‘देशबंधू’, आणि ते डब्ल्यूजीच होते. तेथेच जून १९७० मध्ये ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन तयार झाले, त्याचे नाव ‘अंतिम सितारा’; तेही डब्ल्यूजी. एकूण २,४५० डब्ल्यूजी इंजिने या देशात धावली आणि त्यांनी कोळसा, धान्य, सिमेंट, लोखंड वाहिले. छायाचित्रे मात्र डब्ल्यूपीची अधिक निघाली, कारण मेल गाडी पाहायला फलाटावर माणसे जमतात आणि मालगाडी रात्री निघून जाते.

आपल्या चिपळूणकडची जुनी माणसे घाट चढून कऱ्हाडला गाडी पकडायला जात, त्यांनी पाहिलेली इंजिने या दोघींहून लहान, मीटरगेजची. तो मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेजच होता. मीटरगेजवरची ४-६-२ वायपी आणि २-८-२ वायजी ही जोडी म्हणजे डब्ल्यूपी-डब्ल्यूजी यांचीच धाकटी भावंडे समजावीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. त्यांची आठवण बहुधा यांचीच निघेल.

प्रश्न : माझे आजोबा वेंगुर्ल्याहून मुंबईला आगबोटीने जात असत. आगबोटही वाफेवरच चालत असे, पण तिच्या धुराड्यातून ‘झुकझुक’ असा आवाज येत नसे असे ते सांगत. आगगाडीचाच असा आवाज का होतो?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपल्या आजोबांचे निरीक्षण अचूक होते. वाफेने पिस्टन ढकलल्यावर तिचे काम संपते. त्या वापरलेल्या वाफेचे पुढे काय करायचे, यात बोट आणि गाडी यांचा मार्ग वेगळा होतो. समुद्रावर खारे पाणी अमाप, पण बॉयलरला चालणारे गोडे पाणी मोजके. म्हणून आगबोटीत वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये नेतात, तेथे नळ्यांमधून खेळवलेल्या समुद्राच्या पाण्याने ती थंड होते, तिचे पुन्हा पाणी होते आणि ते बॉयलरकडे परत जाते. वाफ बाहेर पडतच नाही, म्हणून धुराड्यातून केवळ धूर निघतो.

आगगाडीचे इंजिन ही वाफ फेकून देते, पण वाया घालवत नाही. पिस्टनकडून आलेली वाफ एका अरुंद तोंडाच्या नळीतून थेट धुराड्यात वर सोडतात. ती जोराने वर जाताना आपल्याबरोबर धूर ओढते, धूर गेला की मागे पोकळी होते, आणि ती भरून काढायला भट्टीच्या तळातून ताजी हवा कोळशात शिरते. इंजिन जितके अधिक कष्ट करते तितकी वाफ अधिक जोराने बाहेर पडते, आणि तितका विस्तव अधिक पेटतो. चढ लागला की इंजिन आपली भट्टी आपणच फुंकून घेते. कोणत्याही पंख्याविना, कोणत्याही वेगळ्या यंत्राविना चालणारी ही व्यवस्था मला वाफेच्या इंजिनातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि तिचाच आवाज म्हणजे आपण ऐकतो ती झुकझुक.

दोन सिलिंडरांच्या इंजिनात पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ येते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या डब्ल्यूपीचे चाक मिनिटाला तीनशेहून अधिक फेरे घेते. म्हणजे सेकंदाला वीस ठोके, आणि कानाला तो एकसलग घोष वाटतो. घाट चढणाऱ्या इंजिनाचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. दूधसागरच्या घाटात, कॅसलरॉक ते कुळे या उतारावर मीटरगेजच्या काळात चाळीस मीटरला सुमारे एक मीटर असा चढ होता आणि वर चढणाऱ्या जड गाड्यांना एकाहून अधिक इंजिने लावावी लागत. आवाजावर प्रेम करणारे रेल्वेप्रेमी अशाच घाटांची नावे प्रथम का घेतात, हे आता आपल्या ध्यानात येईल.

प्रश्न : खास कोकणचे म्हणावे असे वाफेचे इंजिन एखादे आहे काय?
— एक वाचक, कर्जत

उत्तर : आपल्या तालुक्यातच आहे! १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल या कारखान्याने बांधलेली चार इंजिने रायगड जिल्ह्याची आपली ठेव आहेत. आदमजी पीरभॉय घराण्याने उभारलेला हा मार्ग दोन फूट रुंदीचा आहे, चढ कोठे कोठे वीसला एक इतका तीव्र आहे आणि वळणे अत्यंत आवळ आहेत. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा या इंजिनांच्या आखणीत हात होता.

रचना ०-६-०, म्हणजे पुढे-मागे लहान चाकेच नाहीत. सगळे वजन ओढणाऱ्या सहा चाकांवर. चढासाठी हे उत्तम, पण वळणासाठी अवघड, कारण तीन आस एकमेकांना समांतर जखडले असतील तर आवळ वळणावर चाके रुळांत अडकणार. यावर क्लीन-लिंडनर पद्धतीचा उपाय योजला. पुढचा आणि मागचा आस पोकळ केला, त्याच्या आत दांड्यांनी फिरणारा दुसरा आस ठेवला आणि मध्यभागी दोघांना गोलसर सांध्याने जोडले. आतला आस इंजिनाच्या सांगाड्याशी सरळ राहून फिरतो, तर बाहेरचा चाकांसह वळणाप्रमाणे तिरका होतो आणि तरीही त्याला शक्ती मिळत राहते. दार्जिलिंगच्या इंजिनांनी हाच प्रश्न चारच चाके ठेवून सोडवला, निलगिरीच्या इंजिनांनी चढासाठी दातेरी रूळ घेतला. माथेरानचे उत्तर या दोघांहून वेगळे आहे. तरीही प्रसिद्धी दार्जिलिंगला अधिक मिळाली, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : कोकण रेल्वेवर वर्षातून एकदा तरी वाफेची गाडी चालवावी, असे आम्हा मित्रांना वाटते. हे शक्य आहे काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : इच्छा मनापासून पटते, परंतु हा मार्ग त्यासाठी योग्य नाही असे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. चढाची अडचण नाही. कोकण रेल्वे दीडशेला एक इतक्याच सौम्य चढाची आहे आणि तिची वळणे ऐसपैस आहेत. अडचण बोगद्यांची आहे. आपल्या रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. वर सांगितल्याप्रमाणे वाफेचे इंजिन आपली वाफ आणि धूर जोराने वर फेकते; बोगद्यात तो छतावर आपटून खाली येतो आणि ड्रायव्हर व फायरमन यांच्या छपराखाली शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. ताशी तीस किलोमीटरने करबुडे पार करायचा तर तेरा मिनिटे त्या धुरात काढावी लागतील, आणि मागे डब्यांत बसलेल्या प्रवाशांचीही तीच अवस्था होईल. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या मार्गावर पाणी भरण्याचे खांब, राख काढण्याचे खड्डे आणि इंजिन फिरवण्याची चकती यांची सोय वाफेसाठी कधी करावीच लागली नाही. २०२२ पासून संपूर्ण मार्गावर विजेची तार आहे, आणि पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली टेंडरवर चढून कोळसा पुढे ढकलणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.

आपल्या मित्रमंडळाने हाच उत्साह नेरळकडे वळवावा, असे मी सुचवेन. तो मार्ग वाफेसाठीच आखलेला आहे. इंजिनांना पाणी देण्याच्या जागेवरून एका स्थानकाचे नाव ‘वॉटर पाइप’ पडले, ते आजही तसेच आहे.

प्रश्न : मुलांना वाफेची इंजिने प्रत्यक्ष दाखवायची आहेत. कोठे जावे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आपल्या बाजूने सोयीचे म्हणजे म्हैसूरचे रेल्वे संग्रहालय. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात माथेरानचे एक इंजिन आणि बंगाल-नागपूर रेल्वेचे अजस्र गॅरट इंजिन, दोन्ही पाहता येतात. दिल्लीपर्यंत गेलातच तर हरियाणातील रेवाडीचे शेड चुकवू नका. १९४७ साली आलेल्या पहिल्या तुकडीतले डब्ल्यूपी ७२०० ‘आझाद’ तेथे जपलेले आहे. मुलांना इंजिनाच्या नाकाकडे पाहून झाल्यावर खाली वाकून चाके मोजायला सांगा, मोठ्या चाकाची उंची त्यांच्या खांद्याशी ताडून पाहू द्या, आणि पाटी वाचण्याआधी ते मालगाडीचे की मेलचे हे त्यांनाच ओळखू द्या.