एक किलो चिकन शिजवून सहा माणसांच्या घरात दोन-तीन जेवणं कशी काढायची? बजेट कमी आहे.

तुम्ही लिहिलंय की रविवारी किलोभर चिकन आणलं की दुपारीच पातेलं रिकामं होतं, आणि रस्सा वाढवला की घरचे म्हणतात नुसतं पाणीच आहे. हे दुसरं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर रेसिपी सांगणारे इथं लई आहेत.

पहिलं म्हणजे रस्सा वाढवणं ही कंजुषी नाही. आमच्या मराठवाड्यात कोंबडी कायम रश्शातच खाल्ली गेली, कारण ज्वारीची भाकरी चुरायला रस्साच लागतो. माझं माहेर उदगीरकडचं, सासर परभणीचं, दोन्हीकडं हेच. पाणी पाणी लागतं ते रस्सा पातळ असतो म्हणून नाही, त्यात अंग नसतं म्हणून. येसर घाला. भाजलेल्या धान्याचं आणि हरभऱ्याच्या डाळीचं ते मसाल्याचं पीठ दोन चमचे पाण्यात कालवून उकळत्या रश्शात सोडलं की रस्सा भाकरीला धरतो. येसर नसेल तर शेंगदाण्याचा कूट आणि भाजलेलं सुकं खोबरं.

आता माझं ऐका. लग्नानंतरची पहिली दिवाळी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नणंदबाई, त्यांचे मालक आणि पोरं पुण्याहून आलेले. घरात एकाचाच पगार, त्यात सणाचा खर्च होऊन गेलेला, तरी मी दीड किलो आणलं होतं आणि माणसं होती अकरा. आमच्यात तेव्हा पुरुषांची पंगत आधी बसायची, मग पोरं, मग बायका. वाढायला सासूबाई (आम्ही मामी म्हणतो), त्यांनी जावयाच्या ताटात चार पीस घातले, भाऊजींच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या, ताटात तीन, मग पोरांना उरलेले. आम्ही बसलो तेव्हा पातेल्यात रस्सा, मान आणि पाठीची हाडं. नणंदबाईंनी पळी फिरवली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाल्या, "वहिनीनं पाण्याला कोंबडी दाखवलीय फक्त."

मी तेव्हा काही बोलले नाही, नवी होते. पण माझं लक्ष मामींच्या ताटाकडं होतं. त्यांनी मानेचा तुकडा घेतला, दाताखाली धरून शेवटपर्यंत चोखला, मग भाकरीचा चतकोर घेऊन पातेल्याच्या तळाचा मसाला पुसून खाल्ला, आणि हे करताना चेहऱ्यावर काहीच नाही, म्हणजे सवयीचं होतं ते. बाईनं सगळ्यांना खाऊ घातलं आणि तिच्या वाट्याला आयुष्यभर मान आली! माझं डोकं तिथं फिरलं. चिकन कमी पडलं नव्हतं, वाटप चुकलं होतं. दीड किलोत अकरा माणसांना दोन-दोन पीस सहज येतात.

त्याच्या पुढच्या वेळी मी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि पळी माझ्या हातात घेतली. आधी प्रत्येकाला दोन पीस, सगळ्यांना सारखे, जावई असो की पोरगं, मग रस्सा पाहिजे तेवढा. भाऊजी म्हणाले आमच्यात असं नसतं. म्हटलं आता असंच. मामींच्या ताटात मी तंगडी घातली तर त्यांनी ती उचलून नातवाच्या ताटात ठेवली, मी दुसरी घातली आणि खाऊन होईपर्यंत समोर उभी राहिले. मामा, म्हणजे सासरे, एवढंच म्हणाले, "बरोबर करायली ती." त्या दिवसापासून आमच्या घरात पंगत एकच. म्हणून तुम्हाला सांगायलेय, आधी बघा की तुमच्याकडं चिकन संपतं का वाढणाऱ्याच्या हाताने जातं. आणि बजेट बसवायचं म्हणून घरच्या बाईनं पीस सोडायचा असेल तर तसलं बजेट मला मान्य नाही.

बरं, तुमच्या प्रश्नाकडं येते. सगळं चिकन एकदम मसाल्यात घालायचंच नाही, खरा घोळ तिथं होतो. एकदा काळा मसाला पडला की त्याचं दुसरं काही होत नाही, रात्रीही तेच आणि परवाही तेच, मग पोरं नाक मुरडतात. आधी अळणी करा, म्हणजे मसाला न घातलेलं: तेलात कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ, त्यावर चिकन परतून झाकण ठेवा, आणि सुटलेल्या पाण्यात गरम पाणी घालून शिजवा. बॉयलर कोंबडी अर्ध्या तासाच्या आत शिजते. लहान पोरांना वाटीभर अळणी तिथंच द्या, भातावर. दुकानातून आणतानाच पीस लहान करून घ्या, आणि छातीचा भाग अख्खा ठेवायला सांगा. तो शिजला की आधी बाहेर काढायचा, कोमट असताना हाताने तंतू सोडवायचे आणि डब्यात भरून बाजूला ठेवायचे. कोणाला दाखवायचे नाहीत, दाखवले की संपले.

तंगड्या आणि बाकीचे मांसाचे पीस दुपारच्या रश्शाला, अर्ध्या अळणीत. मान, पाठ, पंखांची टोकं आणि उरलेली अळणी रात्रीला, त्याचा दालचा. हा माझ्या शेजारच्या चाचींनी शिकवला, आणि औरंगाबादकडं (आताचं छत्रपती संभाजीनगर) लग्नात दालचा-खाना ज्यांनी खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको. हरभऱ्याची डाळ वाटीभर आधी भिजवून त्या हाडांबरोबर कुकरला मऊ शिजवा, हाडं काढून डाळ घोटा, दुधीच्या मोठ्या फोडी, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची, वरून कढीपत्त्याची फोडणी. डाळीला हाडाचा स्वाद लागतो आणि सहा माणसं भाताबरोबर पोटभर जेवतात, एकही पीस नसताना कुणी पाणी म्हणत नाही. ताटातली चोखलेली हाडं यात घालू नका एवढंच, स्वयंपाकघरात काढून ठेवलेलीच घ्या.

तिसरं जेवण त्या तंतूंचं. आमच्याकडं सोमवार पाळतात, परळी आणि औंढा दोन्ही ज्योतिर्लिंगं आपल्याच मुलखात, त्यामुळं रविवारचं सोमवारी खायचा प्रश्नच नाही, ते सरळ मंगळवारवर जातं. मंगळवारी सकाळी बटाटा बारीक चिरून परतायचा, कांदा, मिरची, त्यात ते चिकन आणि दोन अंडी फोडून, कोरडं करायचं. चपातीत गुंडाळून पोरांचा डबा, आणि मोठ्यांना भाकरीबरोबर. याहून जास्त ताणू नका. किलोभरात चौथं जेवण काढतो म्हणणारा माणूस चिकनच्या नावानं बटाटाच खाऊ घालतो.

राहिलं म्हणजे फ्रिज. रश्शाच्या नादात हे लिहायचं राहत होतं आणि हे जास्त महत्त्वाचं आहे. शिजवलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा 40 च्या वर असतो तेव्हा तासाभरात. मोठं पातेलं तसंच आत ढकलू नका, मधलं गरमच राहतं, उथळ डब्यांत वाटून ठेवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, बस. तुमच्याकडं लाइट बराच वेळ जात असेल तर मंगळवारची वाट बघू नका, रविवारी रात्रीच संपवा. खाताना लागेल तेवढंच काढून वाफा येईपर्यंत, रस्सा असेल तर उकळी फुटेपर्यंत गरम करा, आणि गरम केलेलं परत आत ठेवू नका. वास बरा आहे म्हणून खाऊ नका, खराब झालेल्याला दरवेळी वास येतोच असं नाही.

पैशाचं म्हणाल तर श्रावणात आणि नवरात्रात मागणी कमी असल्यानं बॉयलरचा भाव बहुतेक वेळा उतरतो, तुमच्याकडं पाळत नसतील तर तेव्हा घ्या. स्किनसकट घेतलं तर किलोमागं स्वस्त पडतं. आणि दुकानात मान-पाठीचा माल वेगळा मिळतो का विचारा, मिळाला तर दालच्याला तोच घ्या, मग किलोभरातली पाठही दुपारच्या रश्शाला मोकळी होते.

नणंदबाई आता येतात तेव्हा दालचाच करायला सांगतात. मी करते, पण वाढते मीच.