9 जुलैपर्यंत शपथपत्र गेलं नाही तर

कोथरूडच्या एका भाडेकरूंनी दोन पानांचं पत्र पाठवलं आहे. बाल्कनीत सिगारेट ओढतात म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीकडे तक्रार केली, सेक्रेटरींनी मालकांना फोन केला, आणि आता मालक फ्लॅट सोडा म्हणतात. ‘स्वतःच्या घरात ओढण्यावरून मला काढता येतं का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. असं पत्र दर महिन्याला एखादं तरी येतंच.

पण या पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार 31 मार्चला संपला. 9 जूनला सक्षम प्राधिकाऱ्यांचं, म्हणजे भाडे कायद्याखाली जागा रिकामी करून घेण्याचे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांचं, समन्स आलं, ते सही करून घेतलं. मालक फोनवर ‘बसून मिटवू’ म्हणाले म्हणून पुढे काही केलं नाही.

साहेब, तुमचं सगळं प्रकरण या दोन ओळींत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली मालकांना तुमची कुठलीही चूक दाखवावी लागत नाही. मुदत संपली आणि जागा सोडली नाही, एवढं पुरतं. तुम्ही दिवसाला दहा सिगारेटी ओढता की एकही नाही, हे तिथे कोणी विचारणार नाही.

आता समन्सचं. कलम 43 प्रमाणे ते हातात पडल्यापासून 30 दिवसांत शपथपत्र देऊन प्रकरण लढवायची परवानगी मागावी लागते. तसं केलं नाही तर मालकांनी अर्जात लिहिलेलं सगळं तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं आणि जागा सोडण्याचा हुकूम होतो. त्यावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण आहे, म्हणजे तो हुकूम वरिष्ठांकडून तपासून घेणं. आज 1 जुलै, म्हणजे तुमच्या हातात आठ दिवस उरले. बावीस दिवस तुम्ही फोनवरच्या शब्दावर घालवलेत, याचा मला खरंच राग येतो, कारण या एकाच चुकीने घर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ‘भाड्याच्या केसेस पंधरा वर्षं चालतात’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते दिवाणी दाव्यांबद्दल खरं आहे आणि लाजिरवाणंही आहे, पण हा मार्ग कायद्याने मुद्दाम आखूड ठेवला आहे. उशीर झाला तर माफ करून घेऊ, या भरवशावर एक दिवसही काढू नका.

पैशांचंही बघा. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. तुमचं भाडं 22,000. एप्रिल, मे, जून मिळून 1,32,000 होतात. तुम्ही भरलेले 66,000 वजा धरले तरी तेवढेच वर राहतात, आणि डिपॉझिट आहे 60,000.

शपथपत्रात काय लिहायचं? मुलीची शाळा, आईचं आजारपण यांनी परवानगी मिळत नाही. मालकांचा हक्कच अडेल अशी हकिगत लागते. मार्चमध्ये ‘पुढच्या वर्षाचं करू, एजंटला सांगतो’ असा त्यांचा मेसेज आहे म्हणता, आणि एप्रिलपासून त्यांनी भाडंही घेतलं. हे दोन्ही जोडा. ते किती टिकेल हे मी पत्रावरून सांगणार नाही. नोंदणीकृत करारातला मजकूर कलम 24 खाली निर्णायक पुरावा धरतात आणि नवा करार तुमच्याकडे नाही.

माझं मत विचाराल तर शपथपत्र मुदतीत द्या आणि त्याच आठवड्यात मालकांच्या वकिलांशी तडजोडीचं बोला. दोन-तीन महिन्यांनी जागा सोडतो, दुप्पट रक्कम सोडून द्या, डिपॉझिट ताबा देताना परत करा. हे संमतीपत्र प्राधिकाऱ्यांसमोर दाखल झालं पाहिजे. फोनवरची तडजोड धरू नका. तोवर कुलूप बदलून तुम्हाला बाहेर काढायचा अधिकार मात्र मालकांना नाही.

सिगारेटबद्दल थोडक्यात. 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्यातली बंदी आणि 200 रुपयांपर्यंतचा दंड सार्वजनिक जागेसाठी आहे. राहत्या घराची बाल्कनी त्यात येत नाही. करारात धूम्रपानबंदीची अट असेल किंवा शेजाऱ्यांना खरोखर उपद्रव होत असेल, तर करार चालू असताना त्यावरून वाद होऊ शकला असता. तुमचा करार तर संपलाच आहे. तरी वर लहान मूल आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेवढ्यासाठी बाल्कनीत ओढणं आजच थांबवा.

उद्या सकाळी समन्स, ते आलेलं पाकीट, कराराची नोंदणीकृत प्रत, एप्रिलपासूनच्या भाड्याच्या नोंदी आणि तो मार्चचा मेसेज घेऊन भाडे प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाकडे जा. फोन बदलणार असाल तर मेसेज आधी जपून ठेवा.