तिरुपतीहून नाशिकला जाताना बेळगावच्या सांबरा विमानतळावर पाच तास आहेत. सोबत सत्तरीची आई आहे. आत बसून राहावं की बाहेर पडावं?

बाहेर पडा. तुम्ही लिहिलंय की सकाळी दहाला उतरणार आणि पुढचं विमान दुपारी तीनचं आहे. मुंबई किंवा हैदराबादला मी कुणालाही असा सल्ला दिला नसता. तिथे उतरल्यापासून रस्त्यावर येईपर्यंतच तास जातो आणि परत आत शिरायला दुसरा तास. सांबऱ्याचं तसं नाही. माझं माहेर बेळगावचं आणि सासर नाशिकचं, त्यामुळे हा विमानतळ मला चांगला ओळखीचा आहे. विमानाच्या शिडीवरून उतरायचं, थोडं चालायचं, की टर्मिनल. सामान घ्यायचं नसेल तर पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही बाहेर उभे असता. शहर तिथून दहा-अकरा किलोमीटर.

आत बसून राहू नका असं म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. सध्याचं टर्मिनल २०१७ मध्ये सुरू झालं. स्वच्छ आहे, नीटनेटकं आहे, पण आकाराने बेताचं. दोन विमानांच्या मधल्या वेळात तिथली वर्दळ पार थांबते. चहा-नाश्त्याचा स्टॉल तेव्हा उघडा असेलच असं नाही, आणि चेक-इनचा काउंटर साधारण दोन तास आधीच उघडतो. आईंना तिथल्या खुर्चीत पाच तास बसवणं हाच जास्त त्रास होईल. (नव्या मोठ्या टर्मिनलची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झालीय, त्यामुळे पुढेमागे हे चित्र बदलेल.)

आता सामानाचं. सगळा बेत त्यावरच अवलंबून आहे, म्हणून हे तिरुपतीतच मिटवा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील, तर तिरुपतीच्या काउंटरवर स्पष्ट विचारा की बॅगा थेट नाशिकपर्यंत जातील का. हो म्हणाले तरी बॅगेला लावलेला टॅग स्वतः वाचा. त्यावर नाशिकचा आयएसके हा कोड असायला हवा. बेळगावचा आयएक्सजी एवढाच कोड असेल तर बॅगा बेळगावात पट्ट्यावर येणार आणि त्या तुम्हालाच उचलाव्या लागणार. दोन्ही बोर्डिंग पासही तिथेच घेऊन ठेवा. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगा तुमच्याजवळच राहतील असं धरून चाला. पाच तास आधी त्या कुणी घेणार नाही आणि सामान ठेवायची खोली अशा छोट्या विमानतळांवर सहसा नसते. तशा वेळी एकच टॅक्सी जाऊन-येऊन ठरवा, बॅगा डिकीत राहू द्या. थांबण्याचे पैसे किती ते गाडीत बसण्याआधी बोलून घ्या. मराठीत बोललात तरी अडचण येणार नाही, बेळगावात टॅक्सीवाले, रिक्षावाले, दुकानदार मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही सहज बोलतात. रस्त्यावरून लाल बसही जातात, पण परतीच्या वेळेची खात्री हवी असताना आईंना घेऊन बसच्या नादी लागू नका.

कुठे जायचं याला माझं एकच उत्तर आहे: किल्ला. नकाशा उघडून बघा, म्हणजे लक्षात येईल. सांबऱ्याहून येणारा बागलकोट रस्ता मुतगा, निलजी करत हायवे ओलांडतो आणि शहरात शिरतानाच किल्ला लागतो. बाजारातली गर्दी, रेल्वे फाटकं, सिग्नल हे सगळं किल्ल्याच्या पलीकडे आहे. बेळगाव 'पाहायला' निघालेले लोक आधी बाजारात घुसतात, तिथेच अडकतात आणि मग धावतपळत परततात. तुम्ही किल्ल्यापाशीच थांबलात तर परतीचा रस्ता मोकळा राहतो.

किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे, पण आत गाडी जाते आणि चढ नाही. आईंसाठी हे फार महत्त्वाचं. दारापाशी गणपती आणि दुर्गा आहेत. आत शिरलात की आधी कमल बस्तीकडे जा. सौंदत्तीच्या रट्ट राजघराण्याने आपली राजधानी बेळगावला, तेव्हाच्या वेणुग्रामाला आणली, त्या काळातलं हे जैन मंदिर. राजा चौथा कार्तवीर्य, आणि त्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास हे बांधवलं. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातली नेमिनाथांची मूर्ती आहे. मात्र मंदिराला नाव मिळालं ते मुखमंडपाच्या छतामुळे. वर बघितलंत की छतातून खाली उमललेलं दगडी कमळ दिसतं. त्याच्या बहात्तर पाकळ्या मानतात, भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. मान दुखेपर्यंत बघत राहावं असं काम आहे ते. पुरवून बघायचं असेल तर तिथल्या गार फरशीवर खांबाला टेकून बसा आणि डोळे दगडाच्या अंधाराला सरावू द्या. मग एकेक आकृती सुटी दिसायला लागते. पाच मिनिटांत फोटो काढून निघालेल्यांना हे दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. शेजारी चिक्की बस्ती आहे, पडझड झालेली, तरी तिच्या दर्शनी भागावरची कोरीव पट्टी थांबून बघण्यासारखी आहे. याच काळातले बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांत या बीचिराजाचं नाव येतं. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव एवढ्या लांब जाऊन पोचलं आणि त्याने उभारलेल्या वास्तूत आजही रोज पूजा होते, हे आईंना सांगा. त्यांना आवडेल.

बस्तीनंतर किल्ल्यातलाच रामकृष्ण मिशनचा आश्रम. विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावला आले होते. आधी ते रिसालदार गल्लीत सदाशिवराव भाटे या मराठी वकिलांकडे राहिले आणि मग किल्ल्यातल्या हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांच्या घरी. ते घर आश्रमाने स्मारक म्हणून जपलंय. शिकागोच्या आदल्या वर्षीचे विवेकानंद, फारसे कुणाला माहीत नसलेले. दुपारी दार बंद व्हायच्या आत, म्हणजे साडेअकराच्या आसपास पोचलात तर बरं.

किल्ल्यातच सफा मशीदही आहे, सोळाव्या शतकातली. मात्र हे सगळंच पाहायला हवं असं नाही. आई थकल्या असतील तर बाहेर किल्ला तलावाच्या काठी बसा. तिथे २०१८ मध्ये उभारलेला ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे, वारा-पावसात झेंडा उतरवलेला असतो. सावली आहे, बसायला जागा आहे.

टिळकवाडीतलं वीरसौध हे स्मारक आणि काँग्रेस विहीर मात्र या खेपेला सोडून द्या. डिसेंबर १९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, त्यामुळे मोह होणारच. पण ती जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, रुळांपलीकडे आहे. पुन्हा कधी मुक्कामाला या आणि निवांत बघा.

साडेबारापर्यंत जेवायला बसा. मध्यवर्ती बसस्थानक किल्ल्याच्या जवळ आहे आणि त्या भागात साधी शाकाहारी जेवणाची ठिकाणं आहेत. ज्वारीची भाकरी मिळाली तर सोडू नका. मग कुंदा. दूध, खवा आणि साखर खरपूस तांबूस होईपर्यंत आटवलेली, बेळगावची ही खूण. पाव किलो, अर्धा किलोच घ्या आणि दोन-तीन दिवसांत संपवा, ताजाच चांगला लागतो. मांडे घ्यायचे असतील तर पक्क्या खोक्यात बांधून मागा आणि हातात ठेवा. ते इतके पातळ असतात की बॅगेत घातले तर नाशिकला चुरा पोचेल. लोणचं घेतलंत तर ते चेक-इनच्या बॅगेतच जायला हवं, हातातल्या सामानात सुरक्षा तपासणीला काढून घेतात. बॅगा आधीच पुढे गेल्या असतील तर लोणच्याकडे बघूच नका. तिरुपतीचे लाडू हातात चालतात.

पावणेदोनला टर्मिनलच्या दाराशी हजर व्हा. विमान तीनचं असताना हे फार लवकर वाटेल, पण छोट्या विमानतळावर तीच पाच-सात माणसं आधी काउंटर सांभाळतात आणि नंतर गेटवर जातात. काउंटर साधारण तासभर आधी बंद झाला की विनवणी करायलाही समोर कुणी उरत नाही. आत येताना ओळखपत्र आणि तिकीट पुन्हा दाखवावं लागतं, आईंचं मूळ ओळखपत्र तुमच्या हातात ठेवा. शेजारीच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे फोटो काढण्याआधी फलक वाचा.

आईंचे गुडघे दुखत असतील तर विमान कंपनीला निदान ४८ तास आधी व्हीलचेअरसाठी कळवा आणि एक गोष्ट मुद्दाम विचारा: बेळगावात विमानाच्या दारापर्यंत कसं नेणार? इथे टर्मिनलमधून थेट विमानात नेणारा पूल (एरोब्रिज) नाही, शिडी आहे. पन्नास किंवा पंचाहत्तर आसनांच्या विमानांची शिडी फार उंच नसते, पण पायऱ्या त्या पायऱ्याच. काय सोय होईल ते आधी कळलेलं बरं.

तुम्ही महिना लिहिलेला नाही. जुलै-ऑगस्ट असेल तर वरच्या बेतात फरक पडेल. त्या दिवसांत ढग खाली उतरतात, पाऊस थांबत नाही आणि विमानं उशिरा येतात. तिरुपतीचं विमान उशिरा आलं तर सांबऱ्याहून निघताना घड्याळ बघा. पुढच्या उड्डाणाला साडेतीन तासांहून कमी उरले असतील तर आधी बाहेरचं जेवण गाळा, मग आश्रम, पण कमल बस्ती ठेवा. अडीच तासांहून कमी असतील तर बाहेर पडू नका. आणि तुम्ही वेळेवर, पण पुढचंच विमान दोन तास किंवा जास्त लांबलं, तर खाणंपिणं देणं विमान कंपनीला नियमाने भाग आहे. सहा तासांहून जास्त लांबणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागता येतं. काउंटरवर शांतपणे मागा, आणि उशिराचा एसएमएस जपून ठेवा.