वाचक विचारतात: फोन हलवला की कॅमेरा का खुळखुळतो?

प्रश्न: फोन हलवल्यावर मागच्या कॅमेऱ्यातून खुळखुळ आवाज येतो. बाईकच्या हँडलला फोन लावतो, तेव्हापासून फोटोही धूसर येतात. काच बदलू का?

उत्तर: थांबा, काचेचा संबंध बहुधा नाही. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून अनेक कॅमेरा मॉड्यूलमध्ये, म्हणजे फोनमधल्या कॅमेऱ्याच्या सुट्या भागात, भिंग केसासारख्या बारीक तारांवर तरंगतं ठेवतात. शेजारची कॉइल (तारेचं वेटोळं) आणि चुंबक त्याला जागेवर धरतात. कॅमेरा बंद असला की कॉइलला वीज नाही, मग भिंग सैल हलणारच. कॅमेरा ॲप उघडून फोन हलवा. आवाज थांबला तर तो दोष नव्हे.

धूसरपणा मात्र बाईकचा असू शकतो. इंजिनची सततची थरथर हँडलमधून थेट त्या तारांपर्यंत जाते. २०२१ मध्ये ॲपलनेही आयफोनबाबत असा इशारा दिला होता. आधी भिंग पुसा, फोनला चुंबक असलेलं कव्हर असेल तर काढा, मग जवळची आणि लांबची वस्तू टिपून पाहा. चित्र थरथरत असेल किंवा फोकस सारखा पुढेमागे होत असेल, तर अख्खं मॉड्यूल बदलावं लागतं. तार जोडत बसण्यात अर्थ नाही. फोन उघडल्यावर कडेची चिकटपट्टी नवी लावून घ्या, नाहीतर पाणी शिरेल.