वाचकांचे प्रश्न : जपानी विनाशिका, ऑक्सिजनचा टॉर्पेडो आणि तांदळाची पिंपे

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी विनाशिकांवर (डिस्ट्रॉयर, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजांवर) गेल्या अंकात लेख होता. त्यावर सोलापूरहून आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचे काम करतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावतात. मग जपान्यांनी शुद्ध ऑक्सिजनवर चालणारा टॉर्पेडो जहाजावर बाळगला कसा? आणि एवढा धोका पत्करून मिळवले काय?

तुमच्या रेग्युलेटरला जो नियम, तोच त्या टॉर्पेडोला, म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या इंजिनाने जाणाऱ्या स्फोटक अस्त्राला, होता. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की वेगळी ठिणगी लागत नाही. म्हणून नळ्या आतून धुऊन तेल-ग्रीसचा मागमूस ठेवत नसत. नळ्यांची तीव्र वळणेही काढून टाकली होती, कारण अशा कोपऱ्यातच तेल आणि कचरा धरून राहतो.

दुसरा धोका सुरुवातीच्या क्षणाचा. इंजिनात रॉकेल आणि शुद्ध ऑक्सिजन एकदम पेटवले की स्फोटच व्हायचा. १९३३ मध्ये जपान्यांनी यावर तोड काढली : टॉर्पेडो आधी साध्या दाबलेल्या हवेवर सुरू करायचा आणि मग टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनवर आणायचा. तुम्ही टॉर्च पेटवताना आधी ॲसिटिलीन पेटवून मग ऑक्सिजन वाढवता. तिथेही क्रम चुकून चालत नाही. जपानी पंचांगात ते वर्ष २५९३, म्हणून टॉर्पेडोचे नाव 'टाइप ९३'. गुप्तता एवढी की ऑक्सिजनला ऑक्सिजन न म्हणता 'दुसरी हवा' म्हणत.

आता मिळाले काय ते. हवेत ऑक्सिजन फक्त २१ टक्के. उरलेला बहुतेक नायट्रोजन टाकीत जागा अडवतो, जळत नाही, पाण्यात फारसा विरघळत नाही आणि मागे पांढऱ्या बुडबुड्यांची रेघ सोडतो. तो काढला की टाकीत चौपट-पाचपट कामाचा वायू मावतो आणि रेघ जवळजवळ दिसेनाशी होते. ६१ सेंटिमीटर व्यासाचा, ९ मीटर लांबीचा हा टॉर्पेडो ४९० किलो स्फोटके घेऊन ४८ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ९० किलोमीटरने, २० किलोमीटर जायचा. वेग ३६ नॉटवर आणला तर ४० किलोमीटर. सोलापूर ते अक्कलकोट एवढा हा पल्ला झाला. त्या वेळच्या अमेरिकी विनाशिकांचा 'मार्क १५' टॉर्पेडो ४५ नॉटने साडेपाच किलोमीटर जाई.

मात्र ४० किलोमीटरच्या आकड्याने भारावून जाऊ नये. तेवढे अंतर कापायला टॉर्पेडोला ३६ मिनिटे लागतात. २५ नॉटने चाललेले लक्ष्य तेवढ्यात २७-२८ किलोमीटर पुढे निघून जाते, आणि वाटेत त्याने एकदा दिशा बदलली की सगळा हिशेब फुकट. खरे यश मिळाले ते रात्री, बरेच जवळून. शिवाय चुकलेला टॉर्पेडो लगेच थांबत नाही. १ मार्च १९४२ रोजी सुंदा सामुद्रधुनीत मोगामी या जपानी क्रूझरने (विनाशिकेहून मोठे लढाऊ जहाज) 'ह्यूस्टन' या अमेरिकी क्रूझरवर सोडलेले टॉर्पेडो पुढे जाऊन जपानच्याच वाहतूक जहाजांना लागले. सैन्याचे सेनापती इमामुरा त्यांतल्याच एका जहाजावर होते, त्यांना पाण्यात उतरावे लागले. आणि डेकवर ठेवलेला ऑक्सिजनचा साठा बॉम्बहल्ल्यात स्वतःच्याच जहाजावर उलटायचा : २५ ऑक्टोबर १९४४ रोजी सुझुया क्रूझर जवळ पडलेल्या बॉम्बने पेटली, तिचेच टॉर्पेडो फुटले आणि ती बुडाली.

प्रश्न : लढाऊ जहाजांतून तांदूळ पिंपांत भरून समुद्रात टाकला, असे लेखात होते. असे का करावे लागले? किती माल पोचला? (मार्केट यार्डातील एक व्यापारी)

पॅसिफिक महासागरातल्या ग्वादलकॅनाल बेटावर जपानी सैनिक लढत होते, पण तिथली धावपट्टी अमेरिकेच्या हातात होती. दहा-बारा नॉटने चालणारे मालवाहू जहाज दिवसाउजेडी विमानांच्या तावडीत सापडायचे. जपानी जहाजांचा तळ असलेली शॉर्टलंड बेटे तिथून सुमारे ३०० सागरी मैलांवर. विनाशिका दुपारी निघून ३० नॉटने मध्यरात्रीच्या सुमारास पोचायची, आणि उजाडेपर्यंत विमानांच्या टप्प्यातून बरीचशी बाहेर पडायची. अमेरिकी सैनिक याला 'टोकियो एक्स्प्रेस' म्हणत, खुद्द जपानी 'उंदीर-वाहतूक' म्हणत.

अडचण उतरवण्याची होती. होड्यांनी पोती उतरवायला तासन्‌तास लागत आणि तेवढा वेळ हातात नसे. म्हणून तेलाची रिकामी पिंपे साफ करून त्यांत धान्य भरले, पण गळ्यापर्यंत नाही. पिंप तरंगायला आत हवा राहिली पाहिजे. एका विनाशिकेवर २०० ते २४० पिंपे, दोराने एकमेकांना बांधलेली. किनाऱ्याजवळ ती पाण्यात लोटायची, दोराचे टोक होडीने किनाऱ्यावर द्यायचे आणि तिथल्या सैनिकांनी माळ ओढून घ्यायची.

३ डिसेंबर १९४२ च्या रात्री १,५०० पिंपे टाकली, हाती लागली सुमारे ३१०. उपाशी आणि हिवतापाने खंगलेल्या माणसांत ओढायचे बळ नव्हते, दोर तुटायचे, आणि उजाडले की राहिलेली पिंपे विमाने मशिनगनने फोडायची. तुमच्या धंद्यात पाच पोत्यांतली चार वाटेत गेली तर काय होईल, तेच तिथे माणसांच्या पोटाचे झाले.

याची किंमत जहाजांनीही मोजली. वजन सांभाळायला पिंपांच्या बदल्यात राखीव टॉर्पेडो मागे ठेवावे लागत. तरीही ३० नोव्हेंबरच्या रात्री जपानी नौसेनानी रायझो तनाका यांच्या आठ विनाशिका, त्यांतल्या सहा पिंपांनी लादलेल्या, ग्वादलकॅनालच्या किनाऱ्यावरच्या तासाफारोंगापाशी अचानक घेरल्या गेल्या, तेव्हा त्यांनी टॉर्पेडोंनी 'नॉर्दॅम्प्टन' ही अमेरिकी जड क्रूझर बुडवली आणि आणखी तीन जड क्रूझर निकामी केल्या. त्यांची एकच विनाशिका, ताकानामी, गेली. लढाई जिंकली, पण त्या रात्री बेटावर तांदूळ पोचला नाही. रात्रीच्या टॉर्पेडो-युद्धासाठी घडवलेली जहाजे हमाली आणि पहारा करण्यात संपली, हे या नौदलाचे खरे दुःख आहे. पाणबुड्यांशी लढायला तर ती फारच कमी तयार होती : १९४४ च्या ६ ते ९ जून या चार दिवसांत 'हार्डर' या एकाच अमेरिकी पाणबुडीने मिनाझुकी, हायानामी आणि तानिकाझे या तीन विनाशिका बुडवल्या.

प्रश्न : जपानने चीनचा किनारा रोखला होता, तर आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये समुद्रमार्गे चीनला पोचले कसे?

नाकेबंदी ऑगस्ट १९३७ पासून होती, पण ती चिनी जहाजांवर. हाँगकाँग ब्रिटिशांचे, त्यामुळे ते बंदर खुले होते. कोटणीस ज्यात होते ते भारतीय वैद्यकीय पथक सप्टेंबर १९३८ मध्ये तिथून कँटनला गेले. ऑक्टोबरमध्ये जपानी फौजा हाँगकाँगजवळच्या बायस उपसागरात उतरल्या आणि २१ तारखेला कँटन पडले. महिनाभर उशीर झाला असता तर ती वाट बंद झाली असती.

प्रश्न : युकिकाझे या जपानी विनाशिकेचे मॉडेल करायचे आहे. सुरुवात कुठून करू? (जुळे सोलापूरमधील विद्यार्थी)

आधी साल ठरवा. बहुतेकांची चूक इथेच होते. कागेरो वर्गाच्या १९ जहाजांतली शेवटपर्यंत टिकलेली ही एकटीच, आणि १९४० ची युकिकाझे व १९४५ ची युकिकाझे दिसायला वेगळ्या. १९४० मध्ये दुहेरी तोफांची तीन तोफघरे होती : एक पुढे, दोन मागे. बाजूला कातकाना लिपीत नाव असे. पुढे मागच्या दोनांपैकी वरचे तोफघर काढून तिथे २५ मिलिमीटरच्या तिहेरी विमानविरोधी तोफा बसवल्या. १९४५ साठी पुढच्या डोलकाठीवर '२२' आणि मागच्या डोलकाठीवर '१३' क्रमांकाचे रडार हवे. युद्धकाळात नाव रंगाखाली गेले होते, तेव्हा १९४५ च्या मॉडेलवर ते लिहू नका.

लांबी ११८.५ मीटर. १:७०० प्रमाणाच्या मॉडेलमध्ये १६९ मिलिमीटर, १:३५० मध्ये ३३९. पहिलेच मॉडेल असेल तर मोठे घ्या. छोट्यातली दोरखंडे आणि रेलिंग नवख्या हाताला झेपत नाहीत. जहाज जपानच्या सासेबो येथील नौदल गोदीत बांधलेले, म्हणून सासेबोचा राखाडी रंग वापरा. डेकवर जिथे लिनोलियम (जमिनीवर अंथरायचे जाड आवरण) होते तिथे तांबूस तपकिरी रंग द्या. त्यावरच्या पितळी पट्ट्या झगझगीत सोनेरी करू नका, जुन्या पितळेसारख्या मंद ठेवा.

सोलापूरच्या उन्हाळ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्प्रे मारला तर रंग पृष्ठभागावर पडण्याआधीच सुकतो आणि हात फिरवला की खरखर लागते. सकाळी सातच्या आत मारा. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत किट ठेवू नका, पातळ डोलकाठ्या वाकतात. डोलकाठ्या पितळी तारेच्या केल्या तर हा प्रश्नच राहत नाही. नौकेचा तळ वाकलाच तर हाताला सोसेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, सपाट काचेवर दाबा आणि पूर्ण थंड होईपर्यंत वजन काढू नका. उकळते पाणी नको, त्याने तोफघरांच्या बैठका मऊ होऊन खचतात आणि मग त्या सरळ होत नाहीत.