अंगणातल्या बॉयलरचा पाइप: महागाचा घ्यावा की स्वस्तातला?

प्रश्न: आम्ही उत्तर मिनेसोटात गावाबाहेर घर घेतलंय. मागे अंगणात लाकडावर चालणारा बॉयलर आहे, तिथून साधारण १०० फूट जमिनीखालून गरम पाणी घरात येतं. लाकडं भराभर संपतात, आणि बर्फ पडला की बॉयलरपासून घरापर्यंतचा पट्टा आपोआप वितळतो. पाइप बदलायचा तर फोमवाला फार महाग पडतोय, फॉइल गुंडाळलेला स्वस्तातला चालेल का? आणि खोदायचं किती?

उत्तर: नका घेऊ तो स्वस्तातला, अगदी कळकळीने सांगतो. बर्फ वितळतोय म्हणजे उष्णता वाटेतच जमिनीत जातेय, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं, बाहेरच्या काळ्या नळीत पाणी शिरलेलं असतं. फॉइलच्या गुंडाळीत एकदा पाणी गेलं की इन्सुलेशन संपलंच, ते पाणी तापतं, जमिनीत उष्णता सोडतं, परत तापतं, हे दिवसरात्र चालू.

आधी मोजून बघा. सप्लायच्या, म्हणजे घराकडे गरम पाणी नेणाऱ्या पाइपला बॉयलरजवळ एक आणि घरात शिरतो तिथे एक थर्मामीटर बांधा, दोन्ही एकाच जातीचे. समजा तिकडे १८० फॅरनहाइट आणि घरात १७०, आणि पंप मिनिटाला ८ गॅलन फिरवतोय, तर ८ गुणिले ५०० (मिनिटाच्या गॅलनवरून तासाची उष्णता काढायचा ठरलेला आकडा) गुणिले १० डिग्री, म्हणजे तासाला ४०,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) वाटेतच गेले. २ किलोवॅटचे सहा गीझर अंगणात सतत चालू ठेवल्यासारखं झालं हे! बॉयलरची कार्यक्षमता निम्मी धरली तर साधारण १० दिवसांत एक कॉर्ड चांगलं सुकं लाकूड, म्हणजे १२८ घनफुटांचा ढीग, नुसता जमिनीत गेला. चांगल्या पाइपमध्ये १०० फुटांत एखाद-दोन डिग्रीच उतरतात.

म्हणून पाइपभोवती भरीव पॉलियुरेथेन फोम आणि वर अखंड जाकीट असलेलाच घ्या. जमिनीखाली एकही जॉइंट नको, लागेल त्यापेक्षा थोडा लांबच मागवा. घरात आणि बॉयलरशी जिथे टोकं वर येतात तिथे फोम उघडा राहतो, तिथनंच पाणी शिरतं, त्यामुळे टोकांच्या रबरी टोप्या विसरू नका.

खोलीचं म्हणाल तर तुमच्याकडे घराच्या पायासाठी फ्रॉस्टची खोली, म्हणजे हिवाळ्यात जमीन गोठते ती खोली, ६० इंच धरतात, पण पाणी फिरत असेल तर पाइप तेवढा खाली न्यायची गरज नसते, दोन-तीन फूट बऱ्याचदा पुरतं, जिथून गाडी जाते तिथे जास्त. खोल गेलात आणि खाली पाणी लागलं तर उलट नुकसानच, चर कोरडा राहणं जास्त महत्त्वाचं. खाली वाळू टाका, दगड पाइपला टेकू देऊ नका, आणि माती लोटायच्या आधी हवा भरून प्रेशर रात्रभर टिकतंय का बघा.

खोदण्याच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन कुठे आहेत ते येऊन खूण करून देतात, फुकट असतं. मात्र तुमच्या प्रोपेन टाकीपासून घरात येणारी लाइन सहसा ते दाखवत नाहीत, ती स्वतः शोधून घ्या.

आणि डिसेंबरात भारतात येणार असाल तर आग विझल्यावर, पंप बंद पडल्यावर पाइप गोठू शकतो. बॉयलर कंपनीला विचारून प्रोपिलीन ग्लायकॉल भरा, गाडीतलं कूलंट अजिबात नको, ते विषारी असतं.