सोरायसिस: कोणती गोळी कोणत्या वारी?

प्रश्न: वडील ६१ वर्षांचे आहेत. ९ वर्षांपासून कोपर, गुडघे आणि डोक्यावर सोरायसिसचे जाड चट्टे आहेत. आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम आणि कॅल्सिपोट्रायॉलचं मलम सुरू झालंय. व्हिटॅमिनच्या गोळ्या वाढवून मेथोट्रेक्सेट बंद करता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही, आणि तसं परस्पर करूही नका. गरजेची व्हिटॅमिन्स या चिठ्ठीतच आहेत. फॉलिक ॲसिड हे ब गटातलं व्हिटॅमिन. मेथोट्रेक्सेटमुळे होणारी मळमळ आणि तोंडातले फोड त्याने कमी होतात. चट्टे त्याने जात नाहीत, ते काम मेथोट्रेक्सेटचं. मेथोट्रेक्सेटच्या दिवशी फॉलिक ॲसिड घ्यायचं टाळतात.

खरा धोका वाराचा आणि गोळ्यांच्या संख्येचा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं, तर रक्तपेशी झपाट्याने घटतात, जिवावर बेततं. गोळ्या २.५, ५, ७.५, १० अशा निरनिराळ्या ताकदीच्या मिळतात. २.५ च्या सहा गोळ्यांची सवय झालेल्या माणसाच्या हाती १० ची पट्टी आली आणि त्याने सहाच घेतल्या, तर पोटात ६० मिलिग्रॅम जातात. म्हणून प्रत्येक वेळी पट्टीवरचा आकडा वाचा आणि पट्टीवर पेनाने ठरलेला वार, समजा ‘फक्त रविवार’, लिहा. फॉलिक ॲसिडवर ‘मंगळवार’. रविवारची मेथोट्रेक्सेटची गोळी चुकली तर दोन दिवसांत घेता येते, त्यानंतर तो आठवडा सोडायचा. पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांगितलेल्या तारखांना रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या कराच. दारू पूर्ण बंद. कोट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक सोबत चालत नाही, हे फॅमिली डॉक्टरांनाही आठवणीने सांगा.

कॅल्सिपोट्रायॉल हे ‘ड’ व्हिटॅमिनचंच भावंड. बोटाच्या शेवटच्या पेराएवढं मलम, म्हणजे अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर गेलं तर रक्तात कॅल्शियम वाढू शकतं. खपल्या काढायला सॅलिसिलिक ॲसिड दिलं असेल, तर त्यात हे मलम मिसळू नका, मलमच निकामी होतं. लावून झाल्यावर हात धुवा, चेहऱ्याला लागू देऊ नका.

‘ड’ची ६०,००० युनिटची गोळी रक्तात कमतरता दिसली तरच, तीही साधारण आठवड्याला एक. बायोटिन या ब गटातल्या व्हिटॅमिनने सोरायसिस हटत नाही, उलट थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. ते चालू असेल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा.